दादाच्या काढ्यातली कोन्याक

"दादांचा खोकला शेवटी तुमच्या बाटलीनेच पळवला," असे पत्नी म्हणाली, तेव्हा मी देवघरासमोर बसून दुसऱ्या दिवशीच्या श्राद्धाची पोथी चाळत होतो. तिच्या स्वरात समाधान होते. आल्याचा वास घरभर दरवळत होता. मला प्रथम तिच्या बोलण्याचा अर्थच लागला नाही. लागला तेव्हा पोथी तशीच पाटावर ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो. ती काढ्याचे पातेले उतरवून मध घालत होती आणि तिच्या डाव्या हाताशी, ओव्याच्या अर्काच्या आणि दुखण्यावर चोळायच्या मलमाच्या शेजारी, माझी कोन्याकची, म्हणजे फ्रेंच ब्रँडीची, बाटली उघडी होती.

"हे काय करतेस?"

"काढा. परवा दिला, काल दिला. रात्रभर शांत झोपले. सकाळी मला म्हणाले, सूनबाई, काढा सुरेख जमला होता."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेल्यावर त्यानेच मला वाढवले, म्हणून माझ्या पत्नीला तो नावाने न हाकारता सूनबाई म्हणतो. विदर्भातील एका लहान गावात तो प्राथमिक शिक्षक होता. शाळा सुटल्यावर मला समोर बसवून संस्कृत रूपावली पाठ करून घेई, आणि माझ्या मुखातून विसर्ग स्वच्छ निघेपर्यंत स्वतःही जेवत नसे. पुढे मी संस्कृत पाठशाळेत शिकलो आणि भोपाळला बरखेड्याच्या कारखाना-वसाहतीतील शाळेत अध्यापक झालो, ते सर्व त्याने घातलेल्या पायावर. आमची आई अखेरची वर्षे माझ्याकडे, भोपाळातल्याच सोनागिरीतील या घरात होती आणि येथेच तिने देह ठेवला. म्हणून दरवर्षी पौषात तिच्या तिथीला दादा विदर्भातून येथे येतो. कर्ता तो. पोथीतून सांगणारा मी.

आणि या माझ्या भावाच्या आयुष्यात मद्याचा थेंब कधी गेलेला नव्हता. नागपूरला आमचा एक चुलतभाऊ होता. त्याच्या मुलाच्या मुंजीच्या रात्री मागच्या अंगणात बाटल्या उघडल्या गेल्या, हे दादाला समजले. त्याने भांडण केले नाही. सकाळी बटूला आशीर्वाद दिला आणि पाणीही न घेता घर सोडले. त्यानंतरही तो त्या घरी जात असे, आजारपणात पायरीवर बसून विचारपूस करीत असे. पण चुलतभाऊ वारला तोवर त्या घरचे अन्न-उदक दादाने घेतले नाही ते नाहीच.

आता त्याच माणसाला माझ्या घरात, आईच्या श्राद्धाच्या तोंडावर, दोन रात्री मद्य पाजले गेले होते.

ही बाटली घरात कशी आली हे येथे सांगितले पाहिजे, कारण ती लपवलेली नव्हती. आमच्या शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक अभियंता राहतात. मूळचे पुण्याचे. हिवाळ्यातील एका संध्याकाळी, जेवणानंतर, त्यांनी माझ्यासमोर पातळ काचेच्या पेल्यात तळाशी जरासे तांबूस द्रव ओतले. मी हात जोडले. ते हसून म्हणाले, "गुरुजी, वास तर घ्या. वासाने काही सोवळं मोडत नाही." मी वास घेतला. मनुका, जुने लाकूड, किंचित जायफळ. बऱ्याच वेळाने मी एक घोट घेतला. मला तेव्हा सेवानिवृत्त होऊन एक वर्ष झाले होते. कोणी मला भुलवले असे म्हणणे खोटे होईल. पुढे मी स्वतःच दुकानातून कोन्याकची बाटली घरी आणली.

ती फार महागातली नसते. द्राक्षांचा रस आंबवून, दोनदा ऊर्ध्वपातित करून, ओकच्या पिंपात ठेवतात. जी पिंपात फार वर्षे राहते ती आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर जाते. आम्ही घेतो ती लवकर बाहेर काढलेली. तिच्या पहिल्या वासात एक तिखटपणा असतो, जिभेला चटका देणारा. घाई करणाऱ्याला ती तेवढीच भेटते. परंतु पेला तळहातात धरून बसावे, शेजारी काही बोलत असतील ते ऐकावे, आणि हाताच्या उबेने तो तिखटपणा उडून जाऊ द्यावा. मग खालून गुळासारखी, भिजल्या मनुकांसारखी गोडी वर येते. त्या वाट पाहण्यात मला पिण्याइतकाच आनंद मिळतो. चातुर्मासात नाही, एकादशीला नाही, व्रताच्या दिवशी नाही. हिवाळ्यातल्या मोजक्या संध्याकाळी, एकच पेला. शास्त्रे याला काय म्हणतात ते मी जन्मभर शिकवले आहे. त्यांच्यातून स्वतःसाठी पळवाट शोधण्याचा उद्योग मी केलेला नाही. मला ती आवडते, एवढेच.

पत्नीने या गोष्टीला कधी विरोध केला नाही, त्याचे कारण मला या काढ्याच्या संध्याकाळी उमगले. तिच्या माहेरी औषधांच्या फडताळात ब्रँडीची बाटली असेच. बाळंतिणीला कोमट पाण्यातून, सर्दीने घुसमटलेल्या पोराच्या छातीला चोळायला, म्हाताऱ्यांना खोकल्यावर. त्या सोवळ्याओवळ्याच्या घरात तिला कोणी दारू म्हणत नसे. तिच्या लेखी माझी बाटली ही त्याच जातीची होती, आणि म्हणूनच तिने ती पहिल्या दिवसापासून औषधांच्या फळीवर ठेवली होती.

"औषध आहे हो," ती आताही म्हणाली. पण माझा चेहरा पाहून तिने हातातला चमचा खाली ठेवला. "अहो… दादांना चालत नाही का, औषध म्हणूनसुद्धा?"

तिलाच नागपूरचे घर आठवले असावे, कारण ती एकदम मोरीच्या कट्ट्यावर बसली.

"सांगू नका त्यांना," ती हळू म्हणाली. बाहेरच्या खोलीत दादा दर्भ निवडत बसला होता. त्याचा अधूनमधून खोकला ऐकू येत होता. "निदान उद्याचं होऊ द्या. श्राद्ध पार पडलं की मी स्वतः सांगते. पाय धरते."

"उद्या पार पडल्यावर सांगून काय उपयोग? आज कळले तर त्याला काही करता येईल. उद्या कळले तर आईचे श्राद्ध आपण अशुद्ध देहाने केले हे तो मरेपर्यंत मनात धरून बसेल."

"आणि कधीच नाही सांगितलं तर?"

हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला होता, तिच्या आधी. न जाणता घडलेल्याचा दोष किती, हे मला पाठ होते. पण दादा दरवर्षी माझ्यासमोर बसून मी उच्चारलेले प्रत्येक अक्षर विश्वासाने मागून म्हणतो. माहीत असून मी उद्या त्याला "शुचिः", मी शुद्ध आहे, असे म्हणायला लावणार होतो.

"जेवतील का हो ते आपल्याकडे पुन्हा?" तिने विचारले. मी बाहेरच्या खोलीत दादाकडे गेलो.

दादा चटईवर बसून ब्राह्मणांच्या जागी मांडायचे दर्भाचे चट वळत होता. भोपाळमध्ये आयत्या वेळी श्राद्धाला ब्राह्मण मिळणे कठीण, म्हणून आमच्याकडे चट मांडूनच श्राद्ध होते. त्याची बोटे वाकडी झाली आहेत, पण गाठ अजून पक्की बसते.

"ये. सूनबाईला सांग, आज ज्येष्ठमध कमी घाल. काल फार गोड झाला होता."

"दादा, त्या काढ्याविषयीच बोलायचे आहे."

"बोल की. उभा का?"

मी बसलो. "त्यात ब्रँडी होती. परवा आणि काल, दोन्ही वेळा. तिला कल्पना नव्हती. तिच्या माहेरी औषध म्हणून देत असत."

त्याची बोटे थांबली. चट अर्धा वळलेला.

"कसली ब्रँडी?"

"द्राक्षांची."

"द्राक्षांची," तो म्हणाला, आणि त्याच्या मुद्रेवरचा ताण थोडा सैल झाल्याचे मला स्पष्ट दिसले. "द्राक्षासव म्हणतोस का तू? वैद्याकडचं? ते मीही घेतो रे अधूनमधून, अशक्तपणा आला की. त्याचं काय एवढं?"

तो माझ्याकडे पाहत होता. मी नुसते "हो" म्हणालो असतो तर प्रश्न तेथेच मिटला असता. आतून येणारा काचेच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता. पत्नी दाराआड उभी आहे हे मला कळत होते, आणि ती काय मागते आहे हेही. ज्याने मला बोलायला शिकवले तो मला हातात आयता शब्द देत होता.

"नाही, दादा. द्राक्षासव नव्हे. विलायती मद्य. दुकानातून आणलेले."

"घरात कुठून आलं?"

"माझे आहे."

"तुझं म्हणजे?"

"मी घेतो. निवृत्त झाल्यापासून, कधीतरी."

"खोकल्याला?"

"नाही. आवडते म्हणून."

त्याने चट खाली ठेवला. मग उचलला, आणि शांतपणे त्याची गाठ पूर्ण केली, कारण अर्धवट टाकलेला दर्भ त्याला चालत नाही. "म्हणजे," तो म्हणाला, "मास्तर होतास तोवर नाही. पेन्शन सुरू झाली आणि अक्कल फुटली."

"हो."

"हो म्हणतो! वर तोंड करून हो म्हणतो." आणि त्याला खोकल्याची उबळ आली. मी पाणी आणायला उठलो तसा त्याने हात वर करून मला थांबवले. पाण्यालाही तो हात होता का, की केवळ माझ्या घाईला, ते मला कळेना. आणि विचारण्याचे धैर्य नव्हते.

उबळ ओसरल्यावर तो उठला, खुंटीवरचे धोतर घेतले आणि मागच्या अंगणात गेला. पौषातल्या त्या गारठ्यात त्याने उघड्या नळाखाली थंड पाण्याने स्नान केले. पत्नी बंबातले ऊन पाणी घेऊन दाराशी उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलेही नाही. मग आसन घालून भिंतीकडे तोंड करून जपाला बसला. श्राद्धाच्या आदल्या दिवशी कर्त्याने एकदाच जेवायचे असते आणि ते दुपारी झाले होते, त्यामुळे रात्री अन्न नाकारले की नुसते नियमाने घेतले नाही, हे ठरवायला आम्हांला काही साधन नव्हते. तांब्यातले पाणी त्याने घेतले की नाही हे पत्नी सकाळी वाकून पाहत होती. तांब्या त्याने स्वतः नळावर भरून आणलेला निघाला. ते पाणीही याच घरचे होते; पण या गोष्टीला काय समजावे हे आम्हां दोघांनाही उमगेना.

दुसऱ्या दिवशी ती सोवळ्याने स्वयंपाकाला लागली. उडदाचे वडे, तांदळाची खीर, कढी, लाल भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. चटणी वाटताना तिचा हात चालेना.

"कोणासाठी वाटतेय मी हे?" ती म्हणाली. "पिंडाला लागेल तेवढं करते आणि बाकी झाकून ठेवते. ते पायरीवर बसलेले मला नाही बघवणार हो."

"सगळे कर. दरवर्षी करतेस तेवढे."

"तुम्हांला काय जातंय म्हणायला. चमचा माझ्या हातचा होता."

"आणि बाटली माझी होती."

"मग ओतून का देत नाही ती एकदाची? जा, त्यांच्यासमोर ओता. सुटेल सगळं."

खरोखर सुटले असते. मी तेही मनाशी पाहिले होते: मोरीत बाटली रिकामी करणारा मी, मान हलवणारा दादा. त्यात त्याला फसवण्यासारखे काहीतरी होते. पुढच्या हिवाळ्यात मी शेजाऱ्यांकडे जाऊन बसलोच असतो.

अपराह्णी आम्ही बसलो. चट मांडले, तीळ, दर्भ, पाणी, सर्व जागच्या जागी. दादाचे डोळे तांबारले होते आणि आवाज बसला होता. मी पोथी उघडली तेव्हा तो म्हणाला, "थांब. आधी प्रायश्चित्ताचा संकल्प. सांग."

पोथीत तो नव्हता. मला तो तेथल्या तेथे जुळवायचा होता, आणि जे घडले त्याचे नाव त्यात उच्चारायचे होते. मी सांगितले: अजाणता घडलेल्या मद्यप्राशनाच्या दोषाच्या परिहारार्थ, इतका जप, इतके उपोषण. एकेक पद मी म्हणत गेलो आणि एकेक पद तो मागून म्हणत गेला, ज्या आवाजात त्याने मला हे शब्द प्रथम शिकवले होते त्याच, आता भग्न झालेल्या आवाजात. त्याने उदक सोडले. मग पळी माझ्यापुढे सरकवली.

"आता तुझा."

दाराशी पत्नीची सावली हलली.

"माझा अजाणता नाही, दादा."

"ठाऊक आहे मला. जाणूनबुजून केल्याचंही असतं. मोठं असतं, पण असतं. घे पाणी हातात."

मी पळी उचलली नाही. "त्याला आधी पश्चात्ताप लागतो. तो मला झालेला नाही. तू सोडायला सांगितलेस तर मी आजपासून सोडेन, शब्द देतो. पण वाईट वाटले असे आईच्या पिंडापुढे बसून म्हणणार नाही. वाटलेले नाही."

बाहेर कोणी सायकलची घंटी वाजवत कोपऱ्यापर्यंत गेले. मला वाटले, आता तो आसन गुंडाळील. पिंड तसेच राहतील, पायरीवर बसून तो गाडीची वेळ होईपर्यंत थांबेल आणि पुढच्या वर्षी आईची तिथी आपल्या गावी करील. माझ्या हातून एवढे जाऊ शकते हे मला ठाऊक होते. तरी पळीकडे हात जाईना.

"लहानपणी," तो शेवटी म्हणाला, "चुकीचा विसर्ग काढलास की मी छडी उगारायचो. तू रडायचास, पण चुकलो असं म्हणायचा नाहीस, जोवर तुला स्वतःला कळत नाही तोवर. आई म्हणायची, हा गाढव आहे." तो खोकला. "सोड असं मी सांगणार नाही. मी सांगून सोडलेलं काय कामाचं? वाच पुढे. अपराह्ण सरतो आहे."

मी वाचले. त्याने जानवे उजव्या खांद्यावर घेतले, पिंड दिले, आईचे नाव आणि गोत्र उच्चारताना नेहमीसारखा थांबला. सर्व यथासांग झाले. पण मुख्य प्रश्न अजून शिल्लक होता, आणि तो आम्हां तिघांनाही माहीत होता. पिंड हलवून झाल्यावर दादा हातपाय धुऊन आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा राहिला.

आत पत्नीने दरवर्षीप्रमाणे दोन पाट शेजारी शेजारी मांडले होते. पाने वाढलेली होती. ती भिंतीला टेकून उभी होती, हातात तुपाची वाटी, आणि तिचे ओठ हलत होते. बहुधा ती कोणत्या तरी देवाला काही कबूल करीत होती.

दादाने पाटांकडे पाहिले. मग वाकून माझा पाट उचलला आणि समोरच्या भिंतीशी नेऊन ठेवला. माझे पानही त्याने दोन्ही हातांनी, काही न सांडता, तेथे नेले.

"एका पंक्तीला नाही बसायचा मी तुझ्या," तो म्हणाला. "हे लक्षात असू दे."

"हो."

"आणि सूनबाई, तू का अशी भिंतीला चिकटलीस? तू काय केलंस? म्हाताऱ्याचा खोकला बरा केलास. वाढ तूप."

ती पुढे झाली. तूप भातावर कमी आणि जमिनीवर अधिक पडले. "दादा, मी—"

"रडू नकोस अन्नावर. आणि यापुढे माझ्या काढ्यात काय काय घालतेस ते आधी मला विचार. सुंठ सोडून. सुंठ तुझी छान असते."

त्याने आपोशन घेतले. आमच्या घरचे पाणी त्याच्या तळहातावर, मग ओठांत गेलेले मी पाहिले. मग मीही आपोशन घेतले.

आम्ही दोघे भाऊ जन्मभर एका रांगेत जेवलो आहोत, खांद्याला खांदा लावून. त्यामुळे जेवताना तो कसा दिसतो हे मी कधी पाहिलेच नव्हते. त्या दिवशी समोरासमोर बसल्यामुळे प्रथमच दिसले. त्याला घास लहान लहान करावे लागतात. वडा तो कढीत भिजवून, मऊ करून खातो, कारण उजवीकडचे दात गेले आहेत. घास गिळण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटतो. मी पाहतो आहे हे त्याच्या ध्यानात आले.

"काय बघतोस? जेव."

"जेवतोय."

"खीर तशीच आहे तुझी."

मी खीर संपवली. त्याने पत्नीकडे चटणी पुन्हा मागितली.